जुन्या आर्चटॉप गिटारला सुटा भाग जुळवताना

साठ-सत्तर वर्षांपूर्वीची आर्चटॉप गिटार हाती येते तेव्हा ती क्वचितच धडधाकट असते. कधी टेलपीसची बिजागरी तुटलेली असते, कधी ट्यूनरची प्लास्टिकची कळ हात लावताच भुगा होऊन पडते, तर कधी पिकगार्डच्या, म्हणजे वाजवताना फळ्यावर ओरखडे पडू नयेत म्हणून लावलेल्या पट्टीच्या, जागी नुसती स्क्रूची भोके उरलेली असतात. मालक इंटरनेटवर शोध घेतो, ‘सर्व जुन्या आर्चटॉपना बसेल’ अशी हमी असलेला भाग मागवतो आणि तो हाती आल्यावर त्याच्या लक्षात येते की भोके जुळत नाहीत, उंची जमत नाही आणि आटेही बसत नाहीत. उलट अस्सल जुना भाग शोधायला जावे, तर एका टेलपीसची किंमत साध्या गिटारच्या किमतीला जाऊन भिडते. या दोहोंच्या मध्ये अडकलेल्या वाचकासाठी हा लेख आहे. माझे म्हणणे आधीच सांगून ठेवतो: भाग गिटारला जुळवून घ्यायचा असतो, भागासाठी गिटार कोरायची नसते, आणि हे साधायचे असेल तर शोधाची सुरुवात मॉडेलच्या नावापासून न करता समोरच्या गिटारच्या मापांपासून करावी लागते.

## आर्चटॉपची रचना

साध्या अकूस्टिक गिटारचा वरचा फळा सपाट असतो आणि तारा त्या फळ्याला चिकटवलेल्या ब्रिजमध्येच अडकवलेल्या असतात. आर्चटॉपचा फळा व्हायोलिनसारखा फुगीर असतो. तिच्या तारा फळ्याला कुठेही बांधलेल्या नसतात. त्या शरीराच्या खालच्या टोकाला स्क्रूने बसवलेल्या टेलपीसमध्ये अडकतात, तिथून ब्रिजवर चढतात आणि मानेच्या टोकाशी असलेल्या ट्यूनरवर, म्हणजे दातेरी खुंट्यांवर, गुंडाळल्या जातात. ब्रिज फळ्यावर नुसता टेकलेला असतो. तारांचा दाब सोडला तर त्याला जागेवर धरून ठेवणारे काहीही नसते, आणि तारा सैल केल्या की तो सरळ हातात येतो.

या पद्धतीची मुळे अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील कलामझू गावी आहेत. व्हायोलिनप्रमाणे फळा कोरून मँडोलिन आणि गिटार बनवण्याची कल्पना तिथे ऑरव्हिल गिब्सन यांनी रुजवली आणि १९०२ मध्ये त्यांच्या नावाची कंपनी उभी राहिली. याच कंपनीत लॉइड लोअर यांच्या काळात, १९२२ मध्ये, एल-५ ही गिटार आली. गोल भोकाऐवजी व्हायोलिनसारखी दोन एफ-आकाराची भोके हे तिचे ठळक वैशिष्ट्य. पुढच्या दशकात मोठ्या वाद्यवृंदात गिटार ऐकू यावी म्हणून शरीरे रुंदावत गेली. १९३४ ची गिब्सन सुपर ४०० तब्बल १८ इंच रुंद होती. एपिफोनने १९३१ मध्ये मास्टरबिल्ट मालिका काढली, आणि जॉन डी’अँजेलिको यांनी १९३२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्वतःचे दुकान थाटून एकेक गिटार हाताने घडवायला सुरुवात केली. १९३६ च्या ईएस-१५० मध्ये पिकअप, म्हणजे तारांचे कंपन विद्युत संकेतात बदलणारे चुंबक आणि वेटोळे, आले. १९४९ च्या ईएस-१७५ मध्ये तर फळाही कोरलेला नव्हता, थरांचे लाकूड दाबून त्याला फुगवटा दिलेला होता.

हा इतिहास सांगण्याचे कारण व्यावहारिक आहे. फळा कोरलेला आहे की थरांचा, हे एफ-भोकाच्या कडेला विजेरीचा प्रकाश टाकला की बहुधा दिसते: थरांच्या फळ्याच्या कडेला पट्टे दिसतात, कोरलेल्या फळ्यात लाकडाचा एकच सलग पोत दिसतो. कोरलेल्या फळ्यात नवे भोक पाडणे म्हणजे गिटारच्या आवाजाला आणि किमतीला एकदमच धक्का लावणे.

## एकाच नावाचे भाग सारखे का नसतात

मॉडेलचे नाव कळले की भागही कळला, असे वाटणे साहजिक आहे. पण जुने कारखाने लाकूडकाम स्वतः करत आणि धातूचे बरेचसे भाग बाहेरून घेत. ट्यूनर क्लूसन, ग्रोव्हर किंवा वेव्हर्लीचे असत. पुरवठादार बदलला, साठा संपला किंवा महागड्या मॉडेलचा मुलामा बदलला की त्याच नावाच्या गिटारवर वेगळा भाग चढे. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई झाली तेव्हा गिब्सनने काही गिटारींच्या टेलपीसची आडवी पट्टी लाकडाची केली आणि मानेतील पोलादी सळईही वगळली. अशी लाकडी पट्टी पाहून कुणीतरी नंतर जोडकाम केले आहे असे वाटते आणि ती काढून चकचकीत धातूची बसवली जाते. १९४३ च्या गिटारवर मात्र ती लाकडी पट्टीच मूळची असण्याची शक्यता असते, आणि ती फेकून दिली की त्या गिटारच्या जन्माची एक खूण कायमची जाते.

नावांचा घोळ आणखी एका दिशेने होतो. शिकागोच्या हार्मनी आणि के या कारखान्यांनी दुसऱ्यांच्या नावानेही भरपूर गिटार बनवल्या. सीअर्स दुकानांतून सिल्व्हरटोन या नावाने विकलेल्या अनेक आर्चटॉप यांपैकीच आहेत. अशा गिटारसाठी सिल्व्हरटोनचे भाग शोधण्यापेक्षा ती कुणी बनवली हे ओळखून त्या कारखान्याचे भाग शोधणे फलदायी ठरते. एपिफोन १९५७ मध्ये गिब्सनच्या मालक कंपनीकडे गेली आणि सुरुवातीला न्यूयॉर्कहून आलेला शिल्लक माल कलामझूमध्ये बनलेल्या गिटारींवर लागला, त्यामुळे त्या काळातील एकाच वाद्यात दोन गावांचे भाग सापडले तर दचकण्याचे कारण नाही. जर्मनीच्या हॉफनर आणि फ्रामस यांच्या आर्चटॉप तर मोजमापाच्या निराळ्याच पद्धतीतल्या: अमेरिकन गिटारचे स्क्रू आणि आटे इंचात, यांचे मिलिमीटरमध्ये.

## आधी मापे

शोध सुरू करण्याआधी एक डिजिटल व्हर्नियर कॅलिपर, एक लवचीक मोजपट्टी, विजेरी आणि छोटा आरसा जवळ असावा. तारा एकदम सगळ्या काढू नयेत. ब्रिज निसटतो आणि त्याची जागा हरवते. तो काढण्यापूर्वी त्याच्या पायाच्या दोन्ही टोकांशी कमी चिकट पट्टीचे तुकडे लावून खूण करावी. पट्टी जुन्या लॅकरवर रात्रभर राहू देऊ नये, ती काढताना लॅकरही निघू शकते.

आटे ही सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट. जुन्या गिब्सनच्या ब्रिजचे खांब बहुधा ६-३२ या मापाचे असतात, म्हणजे सुमारे साडेतीन मिलिमीटर जाडीचे आणि एका इंचात ३२ आटे असलेले. आज मिळणाऱ्या अनेक ब्रिजचे खांब ४ मिलिमीटरचे मेट्रिक असतात. चित्रात दोन्ही सारखेच दिसतात. जुन्या फिरत्या चकत्या नव्या खांबांवर घालायला गेलात तर त्या चढत नाहीत, आणि जोर केला तर पितळी चकतीचे आटे कापले जातात. ब्रिजच्या दोन खांबांमधले अंतर केंद्रापासून केंद्रापर्यंत मोजावे. पुष्कळ गिटारींवर ते ७४ मिलिमीटरच्या आसपास येते, पण ‘आसपास’ वर खरेदी करू नये.

गिटारचे साल ठरवण्यासाठी एफ-भोकातून आतले लेबल पाहावे. १९४७ ते १९६१ या काळात गिब्सनच्या बऱ्याच चांगल्या आर्चटॉपच्या लेबलवर ए अक्षराने सुरू होणारा क्रमांक असे. विजेवर चालणाऱ्या गिटारमध्ये आणखी एक साक्षीदार असतो: आवाज कमी-जास्त करणाऱ्या नियंत्रकाच्या, म्हणजे पॉटच्या, पाठीवर ठोकलेला आकडा. समजा तिथे १३७५८३२ असे वाचता आले. पहिले तीन आकडे उत्पादकाचे, १३७ म्हणजे सीटीएस. पुढचे ५८ म्हणजे १९५८ साल. शेवटचे ३२ म्हणजे त्या वर्षाचा बत्तिसावा आठवडा. आरंभी ३०४ असेल तर तो पॉट स्टॅकपोलचा. सोल्डर कधी कुणी छेडलेले नसेल, तर गिटार या तारखेच्या आधीची असू शकत नाही. कारखान्यात पॉट काही महिने पडून राहिला असेल, तर ती नंतरची मात्र असू शकते.

## टेलपीस: धातूचा तुकडा नव्हे, दाबाचे गणित

टेलपीस म्हणजे तारा अडकवण्याची खुंटाळी, इतकाच त्याचा विचार केला जातो आणि नेमकी तिथेच चूक होते. ब्रिजवरून टेलपीसकडे उतरताना तार जितकी वाकते, तितका ब्रिज खाली दाबला जातो. १२ च्या संचाच्या, म्हणजे ज्यातली सर्वांत बारीक तार ०.०१२ इंच जाडीची असते त्या संचाच्या, सहा तारांचा एकूण ताण साधारण ७० किलो असतो. तार १० अंशांनी वाकली तर फळ्यावर सुमारे १२ किलो दाब पडतो. १६ अंशांनी वाकली तर तोच दाब १९ किलोंवर जातो. म्हणजे मूळच्यापेक्षा आडवी पट्टी खाली नेणारा टेलपीस बसवला, तर दिसायला तो अचूक असला तरी जुन्या, पातळ कोरलेल्या फळ्यावर दीडपट ओझे टाकतो. आतला एखादा आधाराचा पट्टा आधीच सुटत आलेला असेल, तर फळा हळूहळू बसू लागतो. उलट कोन फारच कमी झाला, तर ब्रिजवर तारा खुळखुळतात आणि जोराने वाजवताच ब्रिज सरकतो.

म्हणून बदली टेलपीस निवडताना चार मापे लागतात: एकूण लांबी, बिजागरीच्या पट्टीवरील भोकांची मांडणी, खालच्या टोकाच्या वळणाशी जुळणारा कोन आणि तारा अडकतात त्या जागेची फळ्यापासूनची उंची. शरीराच्या टोकाला आधीची भोके असतात. त्यांत बसेल अशीच बिजागरी शोधावी. ती अजिबात मिळाली नाही तर जुन्या भोकांचा उपयोग करून मधली धातूची पट्टी बनवून घेता येते, आणि हा उपाय नवी भोके पाडण्यापेक्षा केव्हाही बरा. काही टेलपीसना तर पर्यायच नाही: एपिफोनचा फ्रीक्वेन्सेटर दोन वेगवेगळ्या लांबीच्या काट्यांचा असतो, त्यामुळे जाड आणि बारीक तारांची ब्रिजमागची लांबी वेगळी होते, आणि साधा टेलपीस लावला की ही रचनाच बदलते. सुपर ४०० चा वाय-आकाराचा टेलपीसही असाच त्या गिटारचा चेहरा आहे. अशा ठिकाणी थांबून मूळचा किंवा त्याची चांगली प्रतिकृती शोधणे योग्य, असे माझे मत आहे. साध्या ट्रॅपीझ टेलपीससाठी मात्र वर्षभर वाट पाहण्यात अर्थ नाही.

विजेवर चालणाऱ्या गिटारमध्ये तारांना विद्युत मंडळाच्या ग्राउंडशी जोडणारी एक बारीक तार टेलपीसखालून आत जाते. नवा टेलपीस लावताना ती तुटली किंवा धातूला टेकायची राहिली, तर अँप्लिफायरमधून सतत गुणगुण येते आणि मालक बिचारा पिकअप खराब झाला समजून नवा पिकअप शोधू लागतो.

## ब्रिज: तयार मिळतो, बसवावा लागतो

ब्रिजचे दोन तुकडे असतात: फळ्यावर टेकणारा पाया आणि खांबांवर वर-खाली होणारा सॅडल, ज्यावर तारा टेकतात. दोन्ही एबनी किंवा रोझवूडचे, किंवा वरचा भाग धातूचा. पाया हा दातांच्या कवळीसारखा असतो: माप बरोबर असले तरी तो ज्या फळ्यावर बसायचा त्याच फळ्यावर घासून बसवावा लागतो, आणि एकीचा पाया दुसरीला चालत नाही. दुसऱ्या गिटारवरून काढलेला अस्सल जुना ब्रिज आणला तरी हे काम चुकत नाही; आणि त्याचा पाया आधीच घासून पातळ झालेला असल्याने उरलेल्या लाकडात नवा फुगवटा काढायला वाव आहे का, हे पाहावे लागते. याच कारणासाठी इथे मी जुन्यापेक्षा नव्या, जाड पायाच्या ब्रिजला पसंती देतो.

बसवण्याची रीत साधी आहे, वेळखाऊ आहे. ब्रिजच्या जागेवर फळ्याच्या बचावासाठी पातळ पट्टी लावून तिच्यावर पॉलिश पेपर खरखरीत बाजू वर करून पसरायचा, पाया त्यावर ठेवून थोड्याच अंतरात मागेपुढे घासायचा. पाया हाताने वरून दाबून धरला तर कडा गोल होतात, म्हणून बोटे पायाच्या अगदी खालच्या भागाशी धरायची. आधी ८०-१०० चा कागद, मग १५०, शेवटी २२०. मधूनमधून पाया फळ्यावर ठेवून मागून विजेरी धरायची. जिथून उजेड फटीतून येतो तिथे लाकूड टेकलेले नाही. पाया पूर्ण टेकला की गिटारचा आवाज भरतो. नुसत्या टोकांवर टेकलेल्या ब्रिजने चांगल्या गिटारचाही आवाज पोकळ आणि बारीक येतो, आणि पुष्कळदा ‘जुनी तार, जुना फळा’ यांवर खापर फुटते.

उंचीबद्दल एक खबरदारी घ्यावी. सॅडल चकत्या फिरवून अगदी तळाशी नेल्यावरही तारा फ्रेटपासून, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांपासून, फार उंच राहत असतील, तर दोष ब्रिजचा नाही; मानेचा जोड पुढे झुकला आहे. सरळ पट्टी फ्रेटवर ठेवून ब्रिजपर्यंत पुढे न्यावी आणि ती ब्रिजच्या कुठे भिडते ते पाहावे. बुटका ब्रिज मागवून हा दोष झाकता येतो, पण दाबाचा कोन कमी होऊन आवाज मरतो. इथे भाग शोधायचे थांबवून वाद्य दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे जावे. हॉफनरच्या जुन्या ब्रिजमध्ये लाकडी खाचांत फ्रेटच्या तारेचे छोटे तुकडे बसवलेले असतात. त्यातला एखादा हरवला असेल तर ब्रिज बदलण्याची गरज नाही, फ्रेट तारेचा तुकडा कापून बसवता येतो.

## ट्यूनर: दीड मिलिमीटरचा घात

जुन्या क्लूसन प्रकारच्या ट्यूनरसाठी मानेच्या डोक्यात साधारण पावणेनऊ मिलिमीटरचे भोक असते. ग्रोव्हरच्या आधुनिक बंदिस्त ट्यूनरना १० मिलिमीटर लागते. या दीड मिलिमीटरहून कमी फरकापायी किती डोकी रुंद केली गेली असतील, याची गणती नाही. १९६० आणि ७० च्या दशकांत ही ‘सुधारणा’ सर्रास होत असे. तुमची गिटार अजून वाचलेली असेल तर तिला वाचवा: जुन्या मापाच्या भोकात बसणारे नवे ट्यूनर आज मिळतात, क्लूसन नावाने आणि इतरही. तिची भोके आधीच मोठी झालेली असतील तरी इलाज आहे. बाहेरून १० मिलिमीटर आणि आतून पाव इंच अशा धातूच्या बाह्या मिळतात; त्या भोकात दाबून बसवल्या की जुन्या पद्धतीचे ट्यूनर पुन्हा लावता येतात.

एकाच पट्टीवर तीन खुंट्या असलेला प्रकार हार्मनी आणि केच्या स्वस्त गिटारींवर दिसतो. तिथे दोन खुंट्यांमधले अंतर मोजल्याशिवाय काहीही मागवू नये. एका अंतरात अर्धा मिलिमीटर चुकला, तर तिसऱ्या खुंटीपाशी पूर्ण मिलिमीटर चुकतो आणि खुंटी भोकाला घासून जड फिरते.

पुष्कळदा यंत्र उत्तम असते आणि फक्त कळ, म्हणजे बोटांनी फिरवायचा प्लास्टिकचा भाग, आक्रसून भुसभुशीत झालेली असते. अशा वेळी फक्त कळा बदलाव्यात. त्या सुट्या मिळतात. जुन्या कळेचा चुरा काढून दांडा साफ करायचा, सोल्डरिंग आयर्नने दांडा हलका तापवायचा आणि नवी कळ सरळ धरून त्यावर दाबायची. दोन थेंब तेल पडले की सत्तर वर्षांचे दाते पुन्हा काम देतात.

## पिकगार्ड: सडणारा भाग

इतर भाग झिजतात, तुटतात. जुना पिकगार्ड मात्र सडतो, आणि सडताना शेजाऱ्यालाही नासवतो. तो ज्या सेल्युलॉइडचा बनलेला असतो त्यात नायट्रोसेल्युलोज असते. काळानुसार ते विघटित होऊन आम्लधर्मी वाफा सोडते. बंद केसमध्ये कोंडलेल्या या वाफा जवळच्या टेलपीसचा सोनेरी मुलामा खातात, तारा गंजवतात आणि फ्रेटवर हिरवट थर आणतात. कडा वेड्यावाकड्या होऊ लागल्या, पृष्ठभागावर बारीक चौकटी तडे दिसले किंवा केस उघडताच आंबूस झणका आला, की वेळ झाली असे समजावे.

असा पिकगार्ड लगेच काढावा, पण फेकू नये. जाड कागदावर ठेवून त्याची बाह्यरेषा आणि स्क्रूच्या जागा आखाव्यात, दोन्ही बाजूंची छायाचित्रे मापपट्टीसह घ्यावीत, कडेला किती रंगांचे थर आहेत ते टिपून ठेवावे. मग तो हवेशीर जागी, उष्णतेपासून आणि इतर वाद्यांपासून दूर ठेवावा. सेल्युलॉइड चटकन पेट घेते. याच कारणाने जुन्या सेल्युलॉइडची पार्सले पाठवण्यावर निर्बंध असतात. आखलेल्या नमुन्यावरून टिकाऊ प्लास्टिकचा पिकगार्ड बनवून घेणे हा इथला उत्तम मार्ग आहे. दुसऱ्या गिटारचा अस्सल जुना पिकगार्ड विकत आणण्यात मला शहाणपण दिसत नाही, कारण त्याचेही वय तेवढेच आहे.

## पिकअप आणि आतल्या जोडण्या

पिकअप बंद पडला म्हणजे मेला असे नाही. मल्टिमीटरने त्याच्या दोन टोकांमधला रोध मोजावा. काही हजार ओहम दाखवले तर वेटोळे शाबूत आहे आणि दोष पॉटमध्ये, जॅकमध्ये किंवा सोल्डरमध्ये आहे. आकडाच आला नाही तर वेटोळ्याची केसाएवढी तार कुठेतरी तुटली आहे. बऱ्याचदा ती बाहेरच्या जोडणीपाशीच तुटलेली असते आणि जाणकाराच्या हातून सांधली जाते. तसे न झाल्यास मूळचे चुंबक आणि साचा ठेवून वेटोळे पुन्हा गुंडाळून घेता येते. डीआर्मंडचे रिदम चीफसारखे, फळ्याला न टेकता मानेपाशी अधांतरी राहणारे पिकअप अनेक अकूस्टिक आर्चटॉपवर नंतर लावले गेले. त्यांच्या धरण्याच्या दांड्या आणि क्लिपा हरवलेल्या असतात, आणि पिकअपपेक्षा त्या क्लिपाच दुर्मीळ असतात.

पॉट बदलताना एक छोटी अडचण हमखास येते. अमेरिकन जुन्या पॉटच्या दांड्यावर २४ दाते असतात, मेट्रिक पॉटवर १८. जुनी बटणे १८ दात्यांच्या दांड्यावर जबरदस्तीने बसवली की ठिसूळ प्लास्टिक उभे चिरते. भोकाची जाडीही वेगळी असते. पॉट मागवतानाच २४ दात्यांचा मागवला की प्रश्न मिटतो.

महागड्या पिकअपमध्ये फसवणूक भरपूर आहे. सेथ लव्हर यांनी गिब्सनसाठी बनवलेला दुहेरी वेटोळ्याचा हंबकर १९५७ मध्ये गिटारींवर आला, आणि ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशा अर्थाची पट्टी त्याच्या तळाशी १९६२ पर्यंत चिकटवली जात होती, जरी पेटंट १९५९ मध्येच मिळाले होते. त्यानंतरच्या पट्टीवर जो पेटंट क्रमांक छापला तो पिकअपचा नव्हताच. तो गिटारवादक लेस पॉल यांच्या टेलपीसचा होता. म्हणून नुसत्या पट्टीवर विसंबून पैसे मोजू नयेत. पट्ट्या आज छापून मिळतात.

## ‘अस्सल मूळ भागच हवा’ हा आग्रह

हा आग्रह चुकीचा नाही, सरसकट लावला की चुकतो. डी’अँजेलिकोंनी आयुष्यभरात सुमारे ११६४ गिटार घडवल्या. त्यातल्या एकीचा पायऱ्यांच्या आकाराचा टेलपीस हरवला तर त्याची भरपाई कुठल्याही नव्या भागाने होत नाही. पण साध्या कारखान्यातल्या वाद्यावर त्याच काळातला, त्याच प्रकारचा भाग चढवला तर तो गिटारचा स्वतःचा होत नाही. तो दुसऱ्या गिटारचा मूळ भाग असतो. विकताना हे सांगणे विक्रेत्याचे कर्तव्य आहे आणि विचारणे ग्राहकाचे.

त्यात एक गोष्ट मला खटकते. बाजारात येणारे जुने सुटे भाग बहुतेक वेळा मोडलेल्या गिटारींतून येतात, पण काही वेळा चांगल्या गिटारही भागांसाठी मोडल्या जातात, कारण तुकड्यांची बेरीज अखंड वाद्याच्या किमतीहून जास्त होते. विक्रेत्याला भाग कोणत्या गिटारवरून आला, तिचे उरलेले शरीर कुठे आहे, हे विचारावे. फुटलेल्या शरीरावरचा भाग घ्यावा. धडधाकट गिटार मोडून आलेला नाकारावा.

## ‘मग आधुनिक, सुधारित भाग का नको?’

काही ठिकाणी जरूर घ्यावा. नवे जॅक, नव्या तारा आणि खाचा नीट कापलेला हाडाचा नट, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला तारा ज्यावरून जातात ती पट्टी, यांनी जुन्या गिटारचा काहीही तोटा होत नाही. अट एवढीच की बदल मागे घेता आला पाहिजे: नवे भोक नको, जुने भोक रुंद करणे नको, मूळचा मुलामा घासणे नको. धातूचा जड ब्रिज लावल्यावर आवाज लांबतो हे खरे, पण अकूस्टिक आर्चटॉपचा चटकन उमटून विरणारा ठसका कमी होतो, आणि तो ठसका हीच अनेकांना हवी असलेली गोष्ट असते. आवडला नाही तर अर्ध्या तासात लाकडी ब्रिज परत लावता येतो, म्हणून हा प्रयोग निर्धास्तपणे करावा.

## शोध कुठे घ्यावा

नवे भाग आणि प्रतिकृती स्टुअर्ट-मॅकडोनल्ड किंवा ऑलपार्ट्स यांसारख्या पुरवठादारांकडे असतात. जुने सुटे भाग रिव्हर्ब आणि ईबे या ऑनलाइन बाजारांत येतात. तिथे मॉडेलच्या नावाबरोबरच भाग बनवणाऱ्याचे नाव आणि वर्णन घालून शोधावे, कारण पुष्कळ विक्रेत्यांना आपल्याकडचा भाग कोणत्या गिटारचा हे माहीतच नसते. कॅलिपर लावलेले छायाचित्र मागावे. द्यायला नकार मिळाला तर पुढे जावे. जुन्या दुरुस्तीच्या दुकानांतील खणांकडेही दुर्लक्ष करू नये, तिथे अर्धे ट्यूनर आणि एकटे सॅडल वर्षानुवर्षे पडून असतात.

## सीमा ओलांडणारे लाकूड

भाग परदेशातून मागवताना साइट्स या, धोक्यात आलेल्या वनस्पती आणि प्राण्यांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराचा विचार करावा लागतो. ब्राझिलियन रोझवूड १९९२ पासून त्याच्या सर्वांत कडक यादीत आहे, त्यामुळे त्या लाकडाचा जुना ब्रिज परवान्याविना सीमा ओलांडू शकत नाही. इतर रोझवूडवर २०१७ मध्ये निर्बंध आले, पण तयार वाद्ये आणि त्यांचे तयार भाग यांना नोव्हेंबर २०१९ पासून सूट आहे. हस्तिदंताचा नट आणि कासवाच्या खऱ्या कवचाच्या वस्तूंनाही कडक निर्बंध लागू होतात. कासवाच्या रंगाचे बहुतेक पिकगार्ड मात्र प्लास्टिकचेच असतात. विक्रेत्याने लाकडाचे नाव नुसते ‘रोझवूड’ लिहिले असेल तर कोणते, हे लेखी विचारावे. शंका असेल तिथे एबनीचा नवा ब्रिज मागवणे सोपे.

## भाग आल्यावर

भाग एकेक करून बदलावेत आणि प्रत्येक बदलानंतर गिटार काही दिवस वाजवावी. टेलपीस, ब्रिज आणि तारा एकाच दिवशी बदलल्या तर आवाज कशामुळे बदलला ते कळत नाही. ब्रिजची शेवटची जागा कानाने ठरवावी. पहिली तार बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवलेला स्वर आणि त्याच जागी हलका स्पर्श करून काढलेला स्वर ट्यूनरयंत्रावर सारखे आले पाहिजेत. दाबलेला स्वर चढा येत असेल तर ब्रिज टेलपीसकडे, उतरता येत असेल तर मानेकडे किंचित सरकवावा. सहाव्या तारेसाठी तेच करावे. त्यामुळे ब्रिज जरासा तिरका बसतो आणि तो तसाच असायला हवा. काढलेले जुने भाग स्क्रूंसह वेगवेगळ्या पाकिटांत, गिटारचा क्रमांक आणि काढल्याची तारीख लिहून ठेवावेत, आणि त्यांतला सेल्युलॉइडचा भाग केसमध्ये न ठेवता बाहेर ठेवावा.